राखण

मोहाडी हे भंडारा-तुमसर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. नवरात्रात चौंडेश्वरीच्या देवळात पाय ठेवायला जागा नसते. एरवी गावाला घाई असते ती धान निघायच्या दिवसांत. या गावात रस्त्याला लागून एक घर होतं. बाप तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला, आई घरीच ब्लाऊज शिवायची, आणि मुलगा पाचवीत. शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असो, घरात तो गोलू होता. अंगाने मात्र काडीपैलवान.

गोलूचा अभ्यास हा त्या घरातला रोजचा तमाशा. संध्याकाळी सहाला दप्तर उघडायचं. वही निघाली की पेन्सिल सापडायची नाही. पेन्सिल सापडली की तिला टोक नसायचं. टोक काढताना साल न तुटता किती लांब निघते ते बघायचं. मग पहिलं उदाहरण वाचायला घ्यायचं: एका पोत्यात 75 किलो तांदूळ, तर अशा 24 पोत्यांत किती? इथवर आल्यावर त्याच्या डोक्यात यायचं की बाबांच्या मिलमधलं पोतं तर एवढं जड नसतं. ते विचारायला तो उठायचा. बाप अजून कामावरून आलेला नसायचा. परत येताना सांदवाडीत मांजर दिसायचं. आठ वाजता जेवायची हाक यायची तेव्हा वहीत वार, तारीख आणि ‘गृहपाठ’ एवढंच लिहिलेलं असायचं. ‘गृहपाठ’खालची रेघ मात्र दोन रंगांत, पट्टीने, सुबक.

आईने करायचं ते सगळं करून पाहिलं होतं. आधी गोडीने, मग ओरडून. छपरीत बसवून पाहिलं, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवून पाहिलं. भिंतीच्या पोपड्यांत त्याला महाराष्ट्राचा नकाशा दिसला. शेजारच्या मुलीचं उदाहरण देऊन झालं. कोणी सांगितलं म्हणून भिजवलेले बदाम चारले. आपल्याकडे बदामावर पालकांचा जेवढा विश्वास आहे तेवढा शिक्षकांवर असता तर बरं झालं असतं. ट्यूशन लावली, तर महिन्याभरात तिथून निरोप आला की पोरगा हुशार आहे, पण बूड टेकत नाही. शेवटी तिने मोबाईलचं आमिष दाखवलं. दोन उदाहरणं केलीस तर दहा मिनिटं मोबाईल. याचा परिणाम लगेच दिसला. गोलू दोन उदाहरणं झटपट करू लागला, आणि दोन्ही चुकू लागला.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे राहायला आले.

म्हातारा आरमोरीकडचा ढिवर. मासेमारी होतीच, पण त्याची हयात गेली ती ऐनाच्या जंगलात कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पाळण्यात. तुतीवरचं रेशीम घरात, सुपात-रॅकवर वाढतं. कोशाचा किडा तसा नाही. त्याला उघड्या रानातलं ऐनाचं नाहीतर अर्जुनाचं झाड लागतं. अंडी पानाच्या द्रोणात ठेवून झाडाला टांगायची. अळ्या बाहेर पडून फांद्यांवर चढल्या की महिना-दीड महिना, थंडीचं पीक असेल तर दोन महिनेही, माणसाने रानातच मुक्काम करायचा. चार वेळा कात टाकून किडा मोठा, हिरवागार होतो आणि मग फांदीला देठ बांधून स्वतःभोवती कोश विणतो. त्या कोशांचा धागा होऊन तो मोहाडी-आंधळगावच्या मागांवर यायचा. त्यामुळे लेक देण्याच्या आधीपासून म्हाताऱ्याला मोहाडी ठाऊक होती, ती कोसा घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या तोंडून. करवती काठाच्या साडीला लागणारा धागा आपल्या झाडांवरचा, याचा त्याला अभिमान होता. अंगावर ती साडी नेसलेली बाई मात्र त्याने लेकीच्या लग्नातही पाहिली नव्हती. परवडत नव्हती.

ऑपरेशन एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं महिन्याभराने व्हायचं होतं. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हातारा काळा चश्मा लावून छपरीच्या कोपऱ्यात खाटेवर बसून राही. दिसत कमी होतं, पण रानात राहिलेल्या माणसाचे कान. कोण आलं, कोण गेलं, कोणाचा फोन वाजला, सगळं त्याला बसल्या जागी कळे. गोलूचा तमाशा त्याने चार-पाच संध्याकाळी नुसता ऐकला. बोलला काहीच नाही.

मग एका दुपारी त्याने लेकीकडे मूठभर चिंचोके मागितले. आणि दोन गडू. भंडाऱ्याच्या पितळेचे, तिच्या लग्नातले.

“कायले बाबा?”

“असंच. हाताले काही काम पायजे.”

त्या संध्याकाळपासून खाटेच्या डाव्या पायाशी एक गडू आणि उजव्या पायाशी दुसरा असे दिसू लागले. मधूनच टण्ण असा आवाज होई. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. गोलूला वाटलं आजोबांचा खेळ आहे. आईला वाटलं म्हातारपण.

चौथ्या रात्री जेवणं झाल्यावर म्हाताऱ्याने लेकीला आणि जावयाला समोर बसवलं. गोलू झोपला होता. म्हाताऱ्याने दोन्ही गडू जमिनीवर पालथे केले. डावीकडचा ढीग लहान, उजवीकडचा चांगला दुपटीहून मोठा.

“हा,” तो डाव्या ढिगावर हात ठेवून म्हणाला, “गोलू आपल्या मनानं उठला, नाईतर त्याचं ध्यान आपल्या मनानं गेलं, त्याचा आहे.”

“आन् तो?”

“तो आपला आहे.”

लेकीला कळेना. मग म्हाताऱ्याने एकेक चिंचोका उचलून सांगायला सुरुवात केली. कान तर होतेच, स्मरणही शाबूत होतं. गोलू, बाहेर कोण आलं पाय. गोलू, माझी कैची कुठं ठेवली? गोलू, बाबाचा फोन आहे, घे. गोलू, दूध उतू जाते का पाय. गोलू, लिहितेस ना? गोलू, झालं का रे? गोलू, तुले किती वेळा सांगितलं इकडेतिकडे पाहू नोको. शेजारची मावशी आली आणि म्हणाली, अरे वा, अभ्यास करते का आमचा गोलू. ब्लाऊज घ्यायला आलेल्या बाईने विचारलं, कितवीत आहेस बाबू? बाप सातला आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, काय साहेब, किती पानं झाली?

“एक डाव तर,” म्हातारा म्हणाला, “पोट्ट्यानं तीन ओळी एका दमात लिहिल्या. पेन्सिलचा आवाज येत होता मले. आन् तू त्याले म्हटलं, शाब्बास, असाच लिही. तिथंच थांबला तो.”

लेक चिडली. चिडणारच. दिवसभर मशीनवर पाय चालवायचे, स्वयंपाक करायचा, बापाच्या डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब टाकायचे, वर हे ऐकायचं. “मंग घरात बोलाचं नाई का? कैची शोधाची नाई? पोट्टा बिघडला तो माझ्यानं?” ती म्हणाली. जावई गप्प होता, कारण उजव्या ढिगात त्याच्याही वाट्याचे बरेच होते.

म्हातारा तिच्या रागाला लागला नाही. तो रानातलं सांगू लागला.

कोशाचा किडा खायला शिकवावा लागत नाही. पान समोर असलं की तो खातोच. त्याला हाताने भरवणारा माणूस कोणी पाहिला नाही. मग माणूस रानात दीड महिना करतो काय? राखण करतो. कावळा येतो, इतर पाखरं येतात, खार येते, लाल मुंग्या बुंध्यावरून चढतात, गांधीलमाशी येते. माणूस खोपटीत बसून गलोल घेऊन पाखरं हाकलतो, बुंध्याभोवती मुंग्यांची वाट तोडतो. दिवसभर झाडाखाली असतो, पण किड्याला हात लावत नाही. नवखा पोरगा राखणीला बसवला की तो उत्साहाने फांद्या हलवून किडे मोजत बसतो. पाखरं खातील त्याहून जास्त किडे तो पाडतो.

“मले माझ्या बापानं पहिल्या वर्षी असंच झाडावरून खाली उतरवलं होतं,” म्हातारा म्हणाला. “म्हणे तू राखणदार नाई, तू दुसरा कावळा आहेस.”

त्या रात्री एवढंच झालं. लेक काही न बोलता उठली आणि चिंचोके गोळा करून डब्यात टाकले.

पण दुसऱ्या दिवशी सहा वाजता तिने दोन गोष्टी केल्या. बाहेरचं फाटक लावलं, आणि मोबाईल आत तांदळाच्या डब्यावर ठेवून दिला. मशीन मात्र चालू ठेवलं, कारण लग्नसराईचे ब्लाऊज पडले होते. तिला भीती होती की मशीनच्या खडखडीने मुलाचं लक्ष जाईल. तसं झालं नाही. एकसुरी आवाजाची मुलाला सवय होते. कान टवकारले जातात ते माणसाच्या बोलण्याने, त्यातही आपलं नाव आलं की. मागे टीव्हीवर मालिका आणि पुढे वही, अशी मांडणी ज्या घरात आहे तिथल्या मुलाची कीव करावी, त्याला रागवू नये.

त्या संध्याकाळी गोलूने दोन उदाहरणं केली. तिसऱ्यावर पेन्सिल तोंडात धरून तो आढ्याकडे बघत बसला. एक मिनिट गेलं, दोन गेली. आईच्या तोंडात शब्द आलाच होता. म्हाताऱ्याने न बघताच हात वर केला. मशीनचा ताल चुकला तेव्हाच त्याने ओळखलं होतं की लेक बोलणार.

हेही त्याचं रानातलंच. किडा वाढताना चार वेळा खाणं सोडतो. डोकं वर उचलून एका जागी दिवसभर, कधी त्याहून जास्त, निपचित बसतो. नवख्याला वाटतं मेला, नाहीतर आळसावला. तो कात टाकायला बसलेला असतो. त्या वेळी त्याला उचललं, ढोसलं, तर जुनी कात अंगाला अडकते आणि मग तो खरंच मरतो. जुना राखणदार अशा झाडाजवळून जातानाही पाय जपून टाकतो.

थोड्या वेळाने गोलू भानावर आला. “आबाजी, हे गुणाकारानं नाई होत. आधी वजा कराचं, मंग भाग घ्याचा,” असं म्हणाला आणि लिहू लागला.

दर वेळी असं झालं असतं तर ही गोष्ट इथेच संपवता आली असती. तिसऱ्या दिवशी गोलू असाच आढ्याकडे बघत बसला. आईने ओठ घट्ट मिटून घेतले, म्हातारा श्वास रोखून बसला, आणि बऱ्याच वेळाने गोलू म्हणाला, “आबाजी, पाल उलटी चालते तं तिच्या डोक्यात रक्त नाई उतरत का?”

म्हातारा मनापासून हसला. लेक हसली नाही. “पाहिलं?” ती म्हणाली. “याले कात म्हणाचं का?”

“मुलगा आहे तो, किडा नाई,” म्हातारा म्हणाला. “पन तू नाई बोलली ना, ते बरं केलं. आता तो आपला आपण परत येते का पाय.”

गोलू परत आला. लगेच नाही, पण आला. ही परत येण्याची गोष्ट लहान नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथात हेच सांगितलं होतं. भटकलेलं मन आपण होऊन पुन्हा पुन्हा जागेवर आणणं हीच माणसाच्या विवेकाची आणि इच्छाशक्तीची मुळं, आणि हे जे शिकवील तेच उत्तम शिक्षण. पुढे प्रामाणिकपणे त्यांनी हेही म्हटलं की असं शिक्षण हवं हे सांगणं सोपं, ते द्यायचं कसं हे सांगणं कठीण. जेम्स यांच्याकडे चिंचोके नव्हते. पण मुद्दा तोच. आईने हाक मारून मुलाला वहीवर आणलं तर तिथे आईचं लक्ष काम करतं. मुलाला स्वतःचं मन वळवायची पाळीच येत नाही.

खरं गाडं अडलं ते बैठकीवर. आईचं म्हणणं, सहा ते आठ दोन तास सलग बसलाच पाहिजे, पाचवीचं वर्ष आहे. म्हाताऱ्याने विचारलं, “तू मशीनवर दोन तास सलग बसतेस का?” ती बसत नव्हती. एक बाही झाली की उठून पाठ मोडायची, चुलीकडे बघून यायची, मग दुसरी बाही. आणि बैठक हळूहळू वाढते, हेही म्हाताऱ्याने रानातल्या दाखल्यानेच सांगितलं. किडा सगळं मिळून जेवढा पाला खातो त्याचा पाचात चारहून जास्त हिस्सा तो शेवटच्या पाचव्या अवस्थेत खातो. आधीच्या चार अवस्थांचं खाणं इतकं किरकोळ असतं की नवख्याला वाटावं, याने काही होणार नाही.

वेळ मोजायला म्हाताऱ्याने अर्धी अगरबत्ती सुचवली. ती विझेपर्यंत बसायचं, मग उठायचं. हा उपाय साफ फसला. गोलू अगरबत्तीच्या धुराकडेच बघत बसला, राख किती लांब झाल्यावर पडते याचा त्याने अभ्यास केला, आणि धुराने म्हाताऱ्याचा डोळा चुरचुरला तो वेगळाच. मग आईनेच तोड काढली. माझी एक बाही, तुझं एक उदाहरण. दोघांनी एकदम सुरू करायचं. पुस्तकातलं बाकीचं पान कागदाने झाकायचं, समोर एकच उदाहरण ठेवायचं. बाही संपली की दोघांनी उठायचं, रांजणाचं पाणी प्यायचं, सांदवाडीत एक चक्कर मारायची आणि परत बसायचं. बाही आधी की उदाहरण आधी अशी शर्यत लागेल असं तिला वाटलं होतं. तशी ती लागली नाही. उलट ती शेजारी तिचं काम करते आहे, एवढ्यानेच पोरगा टिकायला लागला. चंचल मुलाला कोणीतरी जवळ बसून आपलं काम करत असलं की आधार होतो, हे आता या विषयातले जाणकारही सांगतात. जवळ बसून त्याची वही तपासत असलं तर मात्र नाही. हा फरक बारीक आहे आणि बहुतेक घरं तिथेच चुकतात.

पोत्याचा प्रश्न तेवढा शिल्लक होता. 75 किलोचं उदाहरण आलं की गोलू अडायचाच. पोतं पन्नासचं असतं, पुस्तकात चूक आहे, बाबांना विचारतो. आई म्हणायची, पुस्तकात आहे तसं कर. तो करायचा नाही.

“कशावर बसला आहे तो?” म्हाताऱ्याने विचारलं.

“सतरंजीवर.”

“तसं नाई. मन कशावर बसलं आहे?”

रानात एका झाडाचा पाला संपला की किडे दुसऱ्या झाडावर न्यावे लागतात. किड्याची फांदीवरची पकड इतकी घट्ट असते की ओढून काढायला गेलं तर त्याचे पाय तुटतात. म्हणून राखणदार त्याला ओढतच नाही. ज्या डहाळीवर तो बसला आहे ती डहाळीच कापायची आणि डहाळीसकट नव्या झाडावर नेऊन ठेवायची. नवा पाला दिसला की तो आपणच सरकतो.

म्हाताऱ्याने नातवाला जवळ बोलावून विचारलं, “बाबाच्या मिलमध्ये पोतं पन्नासचं ना? मंग 24 पोत्यांत किती झाले?” गोलूने वहीत मांडलं. बाराशे. “आता पुस्तकवाल्याचं पोतं जड आहे. एका पोत्यात किती जास्त?” पंचवीस. “24 पोत्यांत?” सहाशे. गोलूने दोन्ही मिळवले आणि अठराशे लिहून, आपण पुस्तकातलं उदाहरण करून बसलो हे लक्षात आल्यावर तो थोडा नाराजच झाला.

वही शाळेत गेली तेव्हा बाईंनी विचारलं, हे पन्नास किलोचं कुठून आलं? गोलूने सगळी हकीकत सांगितली. बाईंनी दोन्ही उदाहरणांना बरोबरची खूण केली. ही बाईंची समज. दुसऱ्या एखाद्या वर्गात जादा ओळींवर लाल रेघ आली असती. मुलाचं मन जिथे आहे तिथे जाऊन शिकवायचं हे आपल्याकडे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी जी शाळा उभी केली तिचा एक प्रकार ‘कुरणशाळा’ होता. मुलं गुरं सोडून वर्गात येत नाहीत ना, मग गुरांमागे कुरणात जाऊन शिकवू, असा तो सरळ विचार. ताराबाईंनी ज्यांची पद्धत आपल्या मातीला जुळवून घेतली त्या डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालघर उघडलं होतं. तिथली तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे त्यांच्या भोकांत बसवत होती. माँटेसरींनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम चालूच राहिलं. चाळीसहून जास्त वेळा तिने तेच केलं आणि मग हसत उठली. लहान मुलांना लक्ष देता येत नाही, हे मत बदलायला एका डॉक्टरबाईला तेवढं पुरलं.

बाईंनी आणखी एक केलं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं तेव्हा गोलूला मुद्दाम पुढे काढलं. आईला हे कळलं तेव्हा तिच्या पोटात गोळा आला. माझं पोरगं वेडं आहे का, असं तिने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, तसं काही नाही. फळा नीट दिसत नसेल, ऐकू कमी येत असेल, तरी मूल इकडेतिकडे बघतं आणि आपण त्याला चंचल म्हणतो. ते आधी तपासायचं. आणि काही मुलांना खरंच मेंदूच्या घडणीमुळे लक्ष धरून ठेवणं अवघड जातं. 2013 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून त्याच्या यादीत लक्ष न लागण्याचा आणि अतिचंचलतेचा विकारही आहे. त्या मुलांना चिंचोके पुरत नाहीत, डॉक्टर लागतो, आणि डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली? गोलूचे कान ठीक निघाले. डोळ्यांना मात्र किंचित नंबर निघाला. म्हणजे घरात काही दिवस आजोबांचा काळा चश्मा आणि नातवाचा पांढरा चश्मा समोरासमोर बसले होते.

चश्म्याने गोलू एकाग्रतेचा पुतळा झाला असं नाही. चश्मा पुसणं हे त्याला नवीन काम मिळालं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. होळी जवळ आली तसं म्हाताऱ्याला घर आठवू लागलं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तो नातवाजवळ बसून जाळ्याची गाठ कशी मारतात ते सांगत होता. सांगता सांगता वाघाची गोष्ट निघाली, वाघावरून पुराची. गोलू ऐकत होता, पण मधेच उठला, फळीवरून चिंचोक्यांचा डबा काढला आणि एक चिंचोका उजव्या गडूत टाकला.

“हा तुमचा, आबाजी. माझं उदाहरण राहिलं.”

म्हाताऱ्याने कानाची पाळी पकडली. लेकीने मशीनवरून मान वर केली आणि लगेच खाली घातली, कारण आता ती हसली असती तर तिचाही एक पडला असता.

म्हातारा गेल्यावर पहिले काही दिवस वाईट गेले. खाट रिकामी, फाटक उघडं राहू लागलं, मोबाईल तांदळाच्या डब्यावरून पुन्हा मशीनवर आला. बापाला मिलमधून एक दिवस लवकर सुट्टी मिळाली, तर तो छपरीत बसून स्पीकर लावून भावाशी शेतीच्या वाटणीचं बोलत राहिला. गोलूने वही मिटली. रात्री बायकोने नवऱ्याशी भांडण केलं नाही. उजवा गडू आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. त्याने आत पाहिलं आणि गुपचूप जेवून घेतलं.

मग त्या दोघांत वाटणी झाली. सहा ते सातची राखण तिची, सात ते आठची त्याची. तिने गिऱ्हाइकांना सांगून टाकलं की कपडे द्यायला-न्यायला आठनंतर या. एक-दोन बायका तुटल्या. त्याचं तिला वाईट वाटलं, कारण लग्नसराईत एक गिऱ्हाईक म्हणजे चार ब्लाऊज. बाप सातला आला की फाटकाबाहेरच चप्पल काढायचा, हातपाय धुवायचा आणि ओट्यावर येऊन बसायचा. त्याला करायला शांत काम सुचेना. शेवटी मिलचा आठवड्याचा हिशेब तो तिथे बसून लिहू लागला. लिहिता लिहिता त्याचंही लक्ष जायचं, तो रस्त्याकडे बघायचा, आणि मुलाच्या पेन्सिलचा आवाज ऐकून परत वहीत मान घालायचा.

चैत्रात एका संध्याकाळी शेजारचा काका फाटकाशी आला. हातात पानाची पुडी, गप्पांच्या तयारीने. आत डोकावून म्हणाला, “काय रे, पोट्टा कलेक्टर होते का आता?”

बाप उठून फाटकाजवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, “ते मले का माहीत काका. पन आठ वाजेपर्यंत आमी बोलत नाई. तुमी मंग या. आन् हे फाटक तेवढं हळू लावजा.”